टेबलवाल्या अक्का

अक्कांसमोर कोणीही बाई आली की त्या आधी तिच्या हाताकडे बघत. मनगटावरच्या बांगड्या दोन बोटांनी वर ढकलायच्या आणि त्या कुठवर जातात ते पाहायचं. कोपराच्या जवळपास पोचल्या की अक्कांच्या कपाळाला आठी पडे. मग ती बाई भांडी घासणारी असो, नाहीतर हळदीकुंकवाला आलेली बड्या वकिलाची बायको असो, तिला एकच प्रश्न, "काय खादं आज?" वकिलीणबाईंना तो अपमान वाटे. मला तर हा प्रश्न उंबरा ओलांडला त्याच दिवशी विचारला गेला. मी नवी नवरी, काय सांगणार? लाजून "पुष्कळ" म्हणाले. अक्कांनी माझ्या बांगड्या खाली सोडल्या आणि म्हणाल्या, "खोटं बोलाले माहेरथीन शिकीसनी उनी."

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. माझं माहेर जळगावचं, वडील शाळामास्तर. सासर धुळ्याचं, कापसाच्या अडतीचं. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती वर्षं. घरात सासरे होते, त्यांना अख्खा बाजार आबा म्हणे. शिवाय अक्का, त्यांचे यजमान, आणि आम्ही दोघं. सासूबाई मी येण्यापूर्वीच गेल्या होत्या, त्यामुळे चूल अक्कांच्या ताब्यात. आमच्या दोघींच्या मधलीही एक जाऊ होती. ती पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं, आणि मधले दीर खानदेश सोडून कुठेतरी नोकरीला निघून गेले. तिचं नाव घरात कोणी काढत नसे.

अक्कांनी एकदाच काढलं. मधलीजवळ दवाखान्यात शेवटपर्यंत त्याच बसल्या होत्या. मिशनचा दवाखाना तो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मधलीच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि अक्कांकडे वळून विचारलं, "हिला घरी जेवायला देत नव्हता का?" ज्या घरात ज्वारीची पेवं भरलेली, दारात गाई-म्हशी, त्या घराला हा प्रश्न! पण प्रश्न खोटा नव्हता. आमच्याकडे आधी पुरुषांची पंगत बसे, मग पाहुण्यांची, मग दिवाणजी आणि गडीमाणसांची. त्यानंतर बायका, आणि बायकांतही जी सगळ्यांत धाकटी ती सगळ्यांत शेवटी. मधली भिडस्त. भांड्याच्या तळाला जे असेल ते खाऊन "झालं माझं" म्हणायची. "रोज मन्हाच हातनं रांधेल व्हतं," अक्का मला म्हणाल्या, "तिना पोटमा कितलं गयं, माले दखायनं नही." एवढं बोलून त्या पीठ मळायला लागल्या, आणि ते पीठ त्यांनी गरजेपेक्षा फारच जास्त मळलं.

त्याच दवाखान्यात अक्कांनी ते पाहिलं होतं. नर्सबायांची जेवायची खोली. मधोमध लाकडी टेबल, त्यावर भाताचं पातेलं, वरणाचं पातेलं, आणि भोवती सगळ्या जणी. डॉक्टरीणबाईही त्यांच्यातच. वाढायला उभं कोणी नव्हतं. जिला जे हवं ते तिनं घ्यावं, आणि पातेल्यात किती उरलंय ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. अक्का दारात बराच वेळ बघत उभ्या राहिल्या होत्या. लोकांना दवाखान्यात देव आठवतो. आमच्या अक्कांना टेबल दिसलं.

आता टेबल आणायचं तर आबांना पटवायला हवं. खरं कारण सांगण्याची सोय नव्हती. सून सासऱ्यासमोर जेवते हे आमच्याकडे कोणी स्वप्नातही आणलं नसतं. तेव्हा अक्कांनी दुसरीच वाट धरली. पदर पुढे ओढून, दाराआडून त्या म्हणाल्या, "आबा, जळगावना मोठा मोठा व्यापारी येतस, आपुन त्यास्ले पाटवर बठाडतस. बरं दिखत नही." आबा प्रतिष्ठेला फार जपणारे. नेम बरोबर बसला. अक्का त्या दिवशी खुशीत होत्या. पण जे ज्या नावानं घरात येतं ते त्याच नावानं नांदतं, हे त्यांच्या लक्षात यायला पुढे वेळ लागला.

लाकूड अक्कांच्या माहेरचं, रावेरचं. त्यांच्या भावानं सातपुड्याकडचं सागवान झोपाळ्यासाठी म्हणून पाठवलं होतं. झोपाळा राहिला बाजूला. आमच्या सुतारानं जन्मभर बैलगाड्या केलेल्या, त्यामुळे टेबलाचे पाय असे दणकट झाले की त्यावर कापसाची गासडी ठेवली असती तरी हललं नसतं. खुर्च्या मात्र अक्कांनी करू दिल्या नाहीत. "खुर्ची एकलानी. बाक बठ्ठास्ना," खुर्ची एकट्याची, बाक सगळ्यांचा, हे त्यांचं म्हणणं. दोन लांब बाक झाले, तेही नऊवारीतल्या बाईला मांडी घालून बसता येईल असे रुंद. सुतार कुरकुरला, "बाया कशाले बठतीन टेबलवर?" अक्कांनी त्याला चहा दिला आणि रुंदी होती तेवढीच ठेवायला लावली.

खोली निवडली ती सरकीच्या पोत्यांची, स्वयंपाकघराला लागून असलेली. पोती हलवली, उंदरांची बिळं बुजवली, चुन्यात नीळ घालून भिंती रंगवल्या. खिडकीला स्वतःच्या हिरव्या पातळाचा पडदा. कोपऱ्यातला माठ तिवईवर असा ठेवला की बाकावर बसल्या जागेवरून हात पोचावा. कोनाड्यात मीठ, तेल, ठेचा, लोणचं, तेही हाताच्या अंतरावर. कंदील आढ्याला बरोबर टेबलाच्या मध्यावर टांगला, म्हणजे उजेड भांड्यांत पडेल. मला आधी वाटलं, बाईला हौस आहे. पण हौस नव्हती ती. प्रत्येक वस्तू मांडताना त्या बाकावर बसून बघत, हात लांब करत, आणि उठावं लागलं की वस्तूची जागा बदलत. "जेवतांना कोनी उठनं, ते उठनारी बाईच ऱ्हाई," त्या मला म्हणाल्या. घर सजवणाऱ्या बायका मी पुढे खूप पाहिल्या, पण अशी खोली कोणी सजवल्याचं माझ्या पाहण्यात नाही.

दसऱ्याला टेबलावर पहिलं जेवण ठरलं. भरीत, ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेल्या कळण्याच्या भाकरी, उडदाची डाळ, खीर. भाकरी सगळ्या आधीच भाजून टोपलीत फडक्याखाली ठेवलेल्या. अक्कांनी मला सकाळीच बजावलं होतं, "आज तू मन्हा जोडे बठशी. लाजू नको." आणि दुपारी आबा अर्धा बाजार घेऊन आले! सोनं वाटून झाल्यावर त्यांनी सगळ्यांना टेबल दाखवायलाच आणलं होतं. बघता बघता दोन्ही बाक पागोट्यांनी आणि टोप्यांनी भरले. अक्कांच्या रुंद बाकावर व्यापारी मांडी घालून ऐसपैस बसले. आबांनी टोपलीतली भाकरी हातात घेतली आणि खाली ठेवली. "थंडी शे," ते म्हणाले. अक्का चुलीकडे वळल्या. मी वाढायला उभी राहिले.

त्या दिवसापासून टेबल आबांचं झालं. पारोळ्याहून, रावेरहून, कुठून कुठून माणसं कामाच्या निमित्तानं येत आणि टेबलावर जेवून जात. पाटावरची पंगत असताना वाढता वाढता बाईला घटकाभर टेकता तरी यायचं. आता सगळा वेळ उभं. आणि भाकरी तव्यावरूनच ताटात पडली पाहिजे, नाहीतर पाहुण्यांसमोर आबांचं नाक कापलं जायचं. अक्का चुलीपुढे पुटपुटत, "थंडी भाकर खाईसनी कोनी मरत नही. उरेल भाकर खाईसनी बाया मरतस." गल्लीतल्या बायका मात्र हेव्यानं त्यांना टेबलवाल्या अक्का म्हणू लागल्या. त्या नावाची अक्कांना चीड होती.

अशात मला दिवस गेले. अक्का रोज माझ्या बांगड्या वर ढकलायच्या आणि रोज त्या थोड्या जास्त वर जायच्या. पहिल्या महिन्यांत मला धुराचा वास सोसत नसे. पदराआड दिलेली भाकरी कोपऱ्यात बसून चोरासारखी खाताना घास फिरायचा. आणि पंगती उठेपर्यंत भूक मरून जायची. एका दुपारी वाढताना माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. भरिताचं पातेलं एका पाहुण्याच्या धोतरावर उपडं झालं आणि मी त्याच्या शेजारी खाली. शुद्धीवर आले तेव्हा आबा पाहुण्याची माफी मागत होते. अक्का माझी पापणी खाली ओढून आत बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी जळगावचे कापूसवाले जेवायला यायचे होते. अक्कांनी सगळा स्वयंपाक केला, भांडी टेबलाच्या मधोमध मांडली, चूल विझवली. मग मला हाताला धरून बाकावर बसवलं, स्वतः शेजारी बसल्या, ताटं वाढून घेतली. "जेव," म्हणाल्या. मी जेवू लागले. खरं सांगते, भीती एकीकडे आणि भूक एकीकडे, पण भूक मोठी होती. इतक्यात पाहुण्यांना घेऊन आबा दारात. दोन सुना टेबलाशी बसून जेवताहेत हे बघून पाहुणे आल्या पावली ओट्यावर परतले. आबांचा चेहरा पांढरा पडला.

"थोरली, हाई काय शे?"

अक्कांनी पदर सारखा केला, पण उठल्या नाहीत. "जेवी राहिनूत, आबा. जागा शे. या, बठा."

आबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी घरचं अन्न सोडलं. सकाळ-संध्याकाळ अडतीवर बसत, तिथे काही खात किंवा खातही नसत. गल्लीत बोभाटा झाला, टेबलवाल्या अक्कांनी म्हाताऱ्याला उपाशी ठेवला. भाऊजी, म्हणजे अक्कांचे यजमान, म्हणत होते की आबांच्या पायावर डोकं ठेव आणि टेबल मोड. अक्कांना मूलबाळ नव्हतं. लोकांना जेवू घालणं हेच त्यांचं सगळं. आणि त्यांच्यामुळे घरातलं वडीलधारं माणूस उपाशी राहत होतं. त्या सुकल्या. पण मला रोज समोर बसवून जेवू घालायचं त्यांनी सोडलं नाही.

शेवटी एका सकाळी त्या ओट्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मी मागेच होते. "आबा, टेबल काढी टाकसू. मी मळावर जासू, तुमले मन्हं तोंड दखाले नको. पन धाकटी पहिले जेवी. तिनं जेवन व्हयनं का मंग तुम्ही बठा."

आबांनी प्यायला पाणी मागितलं. घरचं पाणी त्यांनी त्या दिवसांत पहिल्यांदाच मागितलं होतं. अक्कांनीच तांब्या नेऊन दिला, आणि संध्याकाळच्या बैलगाडीनं त्या पारोळ्याच्या रस्त्यावरच्या आमच्या मळ्यात राहायला गेल्या. मी त्यांचा पदर धरून रडले. "रडीसनी भूक मरी जास," म्हणाल्या, आणि माझा हात सोडवला.

आबांनी अक्कांची अट पाळली, हे मान्य केलं पाहिजे. पाटावर बसण्याआधी ते रोज आतल्या बाजूला तोंड करून विचारत, "धाकटी जेवनी का?" माझी मुलगी अंगानं भरलेली, ठणठणीत रडणारी निघाली. पुढे तर पाहुण्यांना आबा ऐटीत सांगू लागले की आमच्या घरात पोटुशी बाई आधी जेवते, ही आमची रीत आहे. टेबलाचं श्रेय त्यांनी घेतलंच होतं, आता हेही घेतलं. पण ते ऐकून आणखी दोन-चार घरांत तसं सुरू झालं, म्हणून मी कधी तोंड उघडलं नाही. टेबल कापसाच्या गोदामात गेलं. अक्कांना परत बोलवा असं मात्र आबांनी कधी म्हटलं नाही, आणि बोलावल्याशिवाय त्या येणाऱ्यातल्या नव्हत्या.

युद्धाच्या दिवसांत, धान्याची ओढाताण सुरू झाली तेव्हा, मी मुलीला घेऊन मळ्यात गेले होते. तीच आमची शेवटची भेट ठरली. त्याच हिवाळ्यात अक्का तापानं गेल्या, आणि आम्हाला कळलं ते सगळं आटोपल्यावर. मळ्यात त्या साध्या झोपडीवजा खोलीत राहत. सालदार गड्याची पोरं, वाटसरू, मजूर, जो येईल त्याला जेवू घालत. आम्ही पोचलो तशी त्यांनी माझ्या मुलीच्या चिमुकल्या बांगड्या वर ढकलून पाहिल्या. त्या जागच्या हलल्या नाहीत. अक्का लहान पोरीसारख्या हसल्या.

तव्यावरची एकेक भाकरी त्या आमच्या ताटांत टाकत होत्या. मुलगी खात होती, मी खात होते, दारात सालदाराची पोरं खात होती. मी म्हटलं, "अक्का, तुम्ही पण बसा." त्या म्हणाल्या, "तू जेव. मी मांगून जेवसू." घास माझ्या हातातच राहिला. हे मला आधी कसं दिसलं नाही, देव जाणे. इतकी वर्षं एका घरात काढली, पण टेबलावरचे ते थोडे दिवस सोडले तर या बाईला मी जेवताना पाहिलंच नव्हतं. मी त्यांचा हात धरला. काचेच्या बांगड्या सरसर कोपरापर्यंत गेल्या.

मला रडू आलं आणि रागही आला. मी उठले, परातीत पीठ घेतलं आणि त्यांना चुलीपुढून उठवून ताटावर बसवलं. "आता मी भाजते. तुम्ही जेवायचं," मी दटावून म्हणाले. त्या निमूट बसल्या. मी तव्यावरची भाकरी त्यांच्या ताटात टाकली, वर तेल घातलं. पहिला घास त्यांनी घेतला, दुसरा घेतला. पोरांच्या ताटांत काही कमी आहे का ते पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून होते. जेवण होईपर्यंत त्या सारख्या उठायला बघत होत्या.