कॅप्टनची पेटी आणि माझा जळफळाट

चार वर्षं पीएचडी केली की थीसिस पूर्ण होईलच असं नाही, किस्से मात्र हमखास जमतात! माझ्याकडे इतके साठलेत की केतकी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "थीसिस राहू दे, हेच सबमिट कर." ती फेल्डहोवन या डच गावात कॉम्प्युटर चिपची मशिन्स बनवणाऱ्या कंपनीत आहे. मी रोज तिथून बस आणि ट्रेनने युनिव्हर्सिटीत जातो आणि दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाचे रिपोर्ट वाचतो.

माणसाचं नाव खेरिट फान डेन आकर. डच सैन्यात कॅप्टन होता. घोड्यावरून पडून गुडघा गेला, तेव्हा सरकारने त्याला ईस्ट इंडीज या डच वसाहतीतल्या एका बेटाचा कारभारी करून टाकलं. धड चालता येईना म्हणून राज्य चालवायला बसवलं!

आमच्या खोलीत दोनच टेबलं. एक माझं, दुसरं सानिकाचं. सानिका पुण्याची, माझ्यामागून दोन वर्षांनी आलेली, विषय त्याच बेटाचा. मला 'मंदारदादा' म्हणते. पुढचं ऐकताना एवढं लक्षात ठेवा, की पोरगी स्वभावाने अतिशय चांगली आहे. तोच तर प्रॉब्लेम आहे!

* * *

त्या काळी तिकडे अधिकाऱ्याचा हुद्दा डोक्यावरच्या छत्रीवरून कळायचा. साहेब निघाला की मागे छत्री धरलेला नोकर. वरिष्ठाची छत्री पूर्ण सोनेरी, खालच्याची अर्धवट.

आमच्या कॅप्टनची अर्धवट होती. आणि शेजारच्या बेटावर डे रोय नावाचा अधिकारी होता, सैन्यात कॅप्टनच्याच हाताखाली काम केलेला, त्याची पूर्ण सोनेरी!

झालं. कॅप्टनने वर पत्रांचा सपाटा लावला. कॉलरा आला, पत्रात छत्री. पूर आला, पत्रात छत्री. एका पत्रात तर त्याने डे रोयच्या छत्रीचा रंग उन्हात उडत चालल्याचं मोठ्या समाधानाने कळवलंय.

मी हे केतकीला रंगवून सांगितलं आणि म्हटलं, "पण अन्यायच होता ना गं? सीनियर कोण होतं?"

ती म्हणाली, "तू कॅप्टनबद्दल बोलतोयस ना?"

* * *

जुनी डच हस्ताक्षरं वाचायला मी आठ महिने क्लास केला. चष्म्याचा नंबर वाढला. तरी एका रिपोर्टमधल्या एका शब्दाशी मी तीन दिवस झटत होतो.

सानिका कॉफीचा कप घेऊन मागून गेली. गेली म्हणजे अक्षरशः चालत गेली, थांबलीसुद्धा नाही. "दादा, ते 'खेचर' आहे."

खेचरच होतं! मी विचारलं, तू कुठे शिकलीस हे? "शिकले नाही रे. बाबा मोडीची कागदपत्रं वाचतात ना, लहानपणापासून बघतेय. त्या मानाने हे फारच स्वच्छ आहे."

त्या दिवशी मी तिने आणलेला लाडू खाल्ला नाही. म्हणजे एकच खाल्ला.

* * *

आता जरा हसू बाजूला ठेवतो. एका वर्षी बेटावरच्या एका गावाने सक्तीची कॉफी लावायला नकार दिला. कॅप्टनचा रिपोर्ट एका ओळीचा: 'गावात शांतता प्रस्थापित झाली.' पुढच्या वर्षीच्या गावांच्या यादीत ते गावच नाही.

दोन वर्षं मी त्याच्या छत्रीवर हसत होतो. त्या दिवशी मला स्वतःचीच लाज वाटली.

गावाचं काय झालं हे सरकारी कागदांत कुठेच नव्हतं. ते असलंच तर त्याने बायकोला लिहिलेल्या पत्रांत असणार. ती पत्रं एका पेटीत, आणि पेटी फोरबर्गला त्याच्या पणतीच्या घरी. पेटी वाचायला मिळाली नाही तर माझ्या थीसिसचा मुख्य चॅप्टरच उभा राहणार नव्हता.

* * *

आपल्याकडे एखाद्याचं मन जिंकायचं तर काय करतो? खाऊ घेऊन सरळ घरी जातो. मी बाकरवडीचा डबा घेतला आणि संध्याकाळी सहाला त्या बाईंची बेल वाजवली. या देशात संध्याकाळी सहाला, न कळवता!

दार उघडलं. ऐंशीला टेकलेल्या बाई, हातात काटा, काट्यावर बटाटा. "आम्ही जेवतोय," म्हणाल्या आणि दार लावलं. डबा माझ्याच हातात राहिला.

सानिकाने पत्र पाठवून तीन आठवड्यांनंतरची वेळ मागितली. सकाळी साडेदहा. कॉफी मिळाली, एक बिस्किट मिळालं, आणि अकराला दुसरं बिस्किटही मिळालं! मी इथे सहा वर्षं आहे, मला कोणत्याही डच घरात दुसरं बिस्किट मिळालेलं नाही.

* * *

शेवटी तिनेच माझ्यासाठी शब्द टाकला. आम्ही दोघं गेलो. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "माझ्या पणजोबांबद्दल काय लिहिणार?"

मी सहा वाक्यं बोललो. त्यात 'ऑब्जेक्टिव्ह' तीनदा आलं.

सानिका म्हणाली, "जे सापडेल ते. वाईट सापडलं तर छापायच्या आधी तुम्हाला वाचून दाखवीन."

पेटी सानिकाला! परतीच्या ट्रेनमध्ये ती म्हणाली, "दादा, तुला हवं ते मी उतरवून देते ना." मी "बघू" म्हणालो आणि दोन स्टेशनं खिडकीबाहेरच्या गाई बघितल्या. इतका राग मला आयुष्यात कुणाच्या चांगुलपणाचा आला नव्हता.

* * *

मग बाईंचा ऐंशीवा वाढदिवस आला. सानिकामुळे मलाही बोलावणं. खुर्च्या गोल मांडलेल्या, आणि इथल्या रीतीप्रमाणे प्रत्येक जण प्रत्येकाचं अभिनंदन करतोय. मीसुद्धा एका अनोळखी काकांचं त्यांच्या मावशीबद्दल अभिनंदन केलं.

थोड्या वेळाने टॉयलेटला गेलो. डच घरात वाढदिवसांचं कॅलेंडर तिथेच टांगलेलं असतं. त्यावर वार नसतात, साल नसतं, फक्त तारखा आणि आपल्या माणसांची नावं.

मी पानं उलटली. मार्चमध्ये खेरिट, आमचा कॅप्टन! मरून इतकी वर्षं झाली तरी बाईंनी प्रत्येक नव्या कॅलेंडरवर त्याला उतरवून घेतलेला. जुलैत सानिका. शेजारी छोटंसं फूल काढलेलं!

डिसेंबर उघडला. माझी तारीख कोरी.

फूल बघून माझं डोकंच फिरलं. फळीवर पेन होतं. मी लिहिलं: मंदार. मग पेन सवयीने खिशात टाकलं, पान परत बाईंच्या महिन्यावर आणलं, हात धुतले आणि बाहेर येऊन केक खाल्ला.

डिसेंबरात माझ्या वाढदिवसाला पोस्टाने कार्ड आलं. वाकड्या, थरथरत्या अक्षरात:

'अभिनंदन, मंदार.
माझ्या कॅलेंडरवर नावं मीच लिहिते.
पण लिहिलेलं नाव या घरात खोडत नाहीत, खेरिटचंही खोडलेलं नाही.
गुरुवारी साडेदहाला या, गावाबद्दलचं पत्र सानिका आपल्या दोघांना एकदमच वाचून दाखवणार आहे.
माझं पेन घेऊन या.'

मी खुर्चीत बसून ते दोनदा वाचलं. मग सानिकाला फोन लावला.

"सानिका, तुझ्या वाढदिवसाला बाईंचं कार्ड आलं होतं ना? किती ओळी होत्या?"

"दोन. का रे, दादा?"

मला पाच होत्या!