दोन हिरवी लुगडी
नव्या सुती साडीच्या खळीचा वास आला की मला इतवारीतली एक दुपार आठवते. माझे वडील उमरेडचे विणकर. हातमागावर विणलेली लुगडी घेऊन ते एसटीनं इतवारीतल्या कापडाच्या पेढीवर जात, आणि त्या दिवशी कॉलेजच्या कामामुळं मीही सोबत होते. बाहेर बोळीत हातगाड्यांचा खडखडाट चालला होता. शेठजींनी गादीवर दोन हिरवी लुगडी पसरली, एक वडिलांचं आणि दुसरं कामठीच्या यंत्रमागावरचं. "यातलं तुमचं कोणतं, सांगा बरं," ते म्हणाले. वडिलांनी काठावरून बोटं फिरवली, कापड चुरगाळून पोत पाहिला आणि खात्रीनं एक उचललं. "हे माह्यं." शेठजींनी त्याचा पदर उलटून दाखवला. आतल्या बाजूला यंत्रमागाचा शिक्का होता. कोणी हसलं नाही. परतीच्या बसमध्ये उमरेड जवळ आल्यावर वडील एवढंच बोलले, "तुह्या मायले सांगू नको वं." पुढच्याच आठवड्यात त्यांनी कोळशाच्या खाणीवर चौकीदारी धरली. आता वडील नाहीत. "चांगला हात चालत होता, काहून सोडलं असंन वं त्यायनं?" आई अजूनही मधूनच विचारते. मी म्हणते, "डोळे थकले होते त्यायचे."