शीड असलेली होडी

हेक्टर टिलयार्ड हे ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या सिग्नेट गावातल्या एका सफरचंद बागायतदाराचे थोरले चिरंजीव. तेराव्या वर्षी आरमाराच्या शाळेत गेले, युद्धात ‘टॅरिना’ या विनाशिकेचे कॅप्टन झाले, जपानी पाणबुडी बुडवल्याबद्दल पदक मिळवलं आणि युद्ध संपताच वडिलांच्या बागेत परतले. ते पदक गावात कोणी पाहिलं नव्हतं. बागेतल्या बायका एवढंच सांगत, की मालक कोणाच्या मनाला लागेल असं कधी बोलत नाहीत.

पेट्या भरण्याच्या शेडमध्ये डल्सी पायबस काम करी. तिचा नवरा लेन ‘टॅरिना’वर खलाशी होता. सॉलोमन समुद्रात एक मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा पाण्यातली माणसं उचलायला कॅप्टननी होडी सोडली. तिचा म्होरक्या लेन. तेवढ्यात पाणबुडी दिसली आणि ‘टॅरिना’ वळून तिच्यावर धावून गेली. होडीतलं कोणीच परत आलं नाही. पुढे होबार्ट बंदराच्या धक्क्यावर डल्सीनं गाठून विचारलं, तेव्हा कॅप्टन म्हणाले होते, “होडीत शीड होतं, पाणी होतं. त्या बाजूला बेटंही पुष्कळ आहेत.”

त्या वाक्यावर ती जगत आली. सरकारनं लेनला मृत ठरवलं. डल्सीनं ठरवलं नाही.

युद्ध संपून बरीच वर्षं झाल्यावर एका हंगामात ट्रकवाला मर्व्ह क्वेल पेट्या न्यायला आला, तेव्हा डल्सीशेजारी पेट्या भरणारी ईडी ओरडली, “डल्स, अगं मर्व्हनं दाढी केलीय! रविवार नाही, कोणी मेलंही नाही. बघ तरी बिचाऱ्याकडे!”

“तूच बघ. तुझा बर्ट दाढी केव्हा करतो ते आधी सांग.”

सगळ्या खिदळल्या. मर्व्ह हसला नाही. त्यानं दूर क्वीन्सलंडला काम धरलं होतं, शनिवारी निघायचं होतं. “चल माझ्याबरोबर,” तो हळूच म्हणाला. “आता पुन्हा नाही विचारणार.”

“आणि लेन आला तर?”

मर्व्हनं पेटी उचलली आणि तो बाहेर गेला.

कॅप्टन दारातच होते. आपल्या एका वाक्यानं दोन माणसं अडकली आहेत हे त्यांना कधीचं कळत होतं, पण आजवर त्यांनी मिठाची गुळणी धरली होती. दुपारच्या चहाला बाकीच्या बायका बाहेर गेल्या, तेव्हा ते डल्सीसमोर येऊन उभे राहिले.

“मिसेस पायबस, लेन येणार नाही.”

ती सफरचंदाला कागद गुंडाळत होती. हात थांबले नाहीत.

“जहाज मीच वळवलं. होडी पुढ्यात आली. पुन्हा वळलो असतो तर पाणबुडीनं आम्हा सगळ्यांना बुडवलं असतं. होडी आमच्या जहाजाखाली गेली. मी पाहिलं. वरिष्ठांना तेव्हाच सांगितलं. तुम्हाला सांगवलं नाही.”

“आणि आज सांगवलं?”

“मर्व्ह शनिवारी चाललाय.”

डल्सीनं मान वर केली. रडेल, शिव्या देईल, हातातलं फेकून मारेल, कशालाही त्यांची तयारी होती. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता.

“तुम्ही फार चांगले आहात, कॅप्टन,” ती म्हणाली. “ईडीच्या नातवाचं कुत्रं ट्रकखाली गेलं, तेव्हा ते पळून गेलं असं तुम्हीच त्याला सांगितलंत ना? मला मोकळं करायला स्वतःवर खून घेताय.”

“देवाशपथ, हे खरं आहे.”

“धक्क्यावरचंही खरंच होतं की! तुमचा शब्द म्हणून इतकी वर्षं धरून बसले. तो खोटा, तर हा खरा कशावरून?”

ते आणखी बोलत राहिले. जहाजावरचा दुसरा साक्षीदार, निशाणांनी संदेश देणारा तरुण, पुढच्याच लढाईत मारला गेला होता. तिनं सगळं शांतपणे ऐकलं, आजाऱ्याचं ऐकावं तसं, आणि म्हणाली, “चहा निवतोय तुमचा.”

शनिवारी मर्व्ह एकटाच गेला. सोमवारी डल्सी वेळेवर शेडमध्ये आली. आल्या आल्या तिनं कॅप्टनची विचारपूस केली. रात्री झोप लागते का, असंही विचारलं.

“लागते,” ते म्हणाले.

तेवढं मात्र तिनं लगेच खरं मानलं.