गुंतवळीची पिशवी

डोक्यावर असतात तोवर केस, तान्ह्या बाळाचे असले तर जावळ, आणि फणीत अडकून बाहेर आले की गुंतवळ. 'केस' हा शब्द संस्कृतातल्या 'केश'वरून आला, हे मी वर्गात शिकवते. गुंतवळ मात्र मला आईनं शिकवली, आणि तिच्याबरोबर संशयही. विंचरून झालं की गुंतवळ बोटाला गुंडाळून पिशवीत कोंबायची, पिशवी भरली की केसांवर भांडी देणाऱ्या भांडीवालीला द्यायची. उंबऱ्याबाहेर एक केस पडू द्यायचा नाही, कुणी उचलून करणी करेल. माझा करणीवर विश्वास नाही. तरी परगावी विंचरताना मी अजून मागे वळून बघते.

गेल्या दिवाळीत सोलापूरला माहेरी गेले, तर आईनं दाराला कडी घालून ती पिशवी माझ्यापुढे ओतली.

"माजे केस पांढरे. मग ह्यात काळे कुटनं आले?"

काळे केस घरात एकाच बाईचे, माझ्या भावजयीचे. ती अक्कलकोटकडची, चार महिन्यांचं बाळ घेऊन नुकतीच माहेराहून परतलेली.

"फोनवर आईशी कन्नडात बोलती. सारकं कूदलु, कूदलु. कूदलु म्हंजे केस, तेवढं कळतंय की मला. करनी करती. मी तिला माहेरी धाडनार हाय."

आईला वेड्यात काढायचं सोडून मी पाळत ठेवायला लागले. भावजय दार लावून विंचरायची. डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. खोली दोनदा झाडायची. तिसऱ्या दिवशी पिशवीत हात घालताना मी तिला पकडलं आणि आईला हाक मारली.

तिनं मूठ उघडली. मूठभर काळी गुंतवळ होती. पदर सरकला, तर कपाळाच्या वर केसांमधून टाळू दिसत होती.

"बाळ झाल्यापासून असेच जातायत, ताई. टाकायचे कुठं? आईंना कळलं तर म्हणतील, पोरीत खोट होती, लपवून दिली."

मला तिच्याकडे बघवेना. आईनं डोक्यामागे हात नेले आणि आख्ख्या गल्लीत नावाजलेला तो जाड अंबाडा सोडला. हातात करडं गंगावण आलं. खाली राहिली करंगळीएवढी शेपटी.

"माजेबी असेच गेले, हिच्या बाळंतपनात," माझ्याकडे बोट करून ती म्हणाली. "सासूच्या भ्यानं गुंतवळीचं गंगावन केलं, मागनं त्यात पांढरे मिसळत गेले. बस हितं, तेल लावते."

आई जन्मभर दार लावून विंचरत आली होती. तिचा मला कधी संशय आला नव्हता.