पडलेला खजूर

पिकून पडलेल्या खजुराचा वास ज्यांना आवडतो, त्यांनी तो बंद घरात, एसीच्या वाऱ्यावर, महिनाभर घेऊन बघावा. आंबूस, गुळमट, आणि तळाशी कुठेतरी मांजरांचा. इथे आखातात, अल मजाजमधल्या आमच्या दोन खोल्यांत त्या उन्हाळ्यात दुसरा वासच नव्हता. माझ्या उशीला तो होता, सुट्टीत घरी बसलेल्या मुलीच्या केसांना होता. मला मुळात किळस लवकर येते. दुसऱ्याचा उष्टा चमचा ताटाशेजारी दिसला तरी माझं जेवण तिथे संपतं.

खजूर आणायच्या माझ्या सासूबाई. ऊन तापायच्या आत त्या लगूनच्या, म्हणजे खाडीच्या तळ्याच्या काठाने फिरायला जात आणि परतताना पिशवी भरून आणत. रस्त्याकडेच्या खजुरींखाली तेव्हा सडा पडलेला असतो. चपलांखाली चिरडलेले, बुलबुलांनी टोचलेले, मुंग्या लागलेले खजूर फरशीला चिकटून बसतात. त्यातल्या त्यात धड असलेले त्या वाकून वाकून वेचत. मी खिडकीतून एकदा पाहिलं आणि पडदा ओढून घेतला. शेजारच्या टॉवरमधून नवऱ्याच्या ऑफिसातलं कोणी बघत असेल, ही शरम होतीच. पण खरं सांगायचं तर शरमेपेक्षा शिसारी जास्त होती.

कारण मात्र पोरकट नव्हतं. नवरा जबल अली बंदरावरच्या एका गोदाम कंपनीत आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर कंपनीने सगळ्यांचे पगार कापले. आईला आपल्या व्हिसावर इथे ठेवायचं तर मुलाचा पगार ठरावीक रकमेच्या वर असावा लागतो, आणि आमचा त्याखाली घसरला. नूतनीकरण ऑक्टोबरात होतं. कंपनीतले व्हिसाचं काम बघणारे गृहस्थ फोनवर एवढंच म्हणाले, "मुश्किल है, लेकिन इन्शाल्ला." म्हणजे देवाच्या मनात असेल तर. सासूबाईंना आम्ही काही सांगितलं नव्हतं. पण दोन खोल्यांत काय लपतं? गावच्या घरात आता कोणी नाही, सासरे जाऊन चार वर्षं झाली. तिथे एकट्या राहायच्या कल्पनेने त्यांचा चेहरा उतरला होता, आणि तो उतरलेला चेहरा घेऊनच त्या पिशवी हातात धरून बाहेर पडल्या.

"पगार कमी पडतोय ना? मग मी भर घालते," त्या म्हणाल्या.

"आई, असं नसतं. सरकारला कंपनीचं सॅलरी सर्टिफिकेट लागतं," नवऱ्याने समजावलं.

"घरात आला तो पैसा. कुणाच्या हाताने आला हे कोण विचारतंय?"

हे त्यांच्या डोक्यातून शेवटपर्यंत गेलं नाही. त्या खजुरांचे लाडू विकून मुलाचा पगार वाढेल आणि वाढलेला पगार बघून सरकार त्यांना राहू देईल, असा त्यांचा सरळ हिशेब होता. नवऱ्याने दोनदा समजावून नाद सोडला. मी तर सुरुवातच केली नाही.

श्रावण लागला आणि धंद्याला जोर आला. आमच्या टॉवरमध्ये मराठी घरं बरीच. सोमवार, शनिवार, एकादशी करणाऱ्या बायकाही बऱ्याच. सासूबाई खजुरात दाण्याचं कूट, सुकं खोबरं आणि वेलची घालून उपवासाचे लाडू वळत. आता यातली गंमत बघा. रस्त्यावरून वेचलेला तो माल चार पाण्यांतून धुऊन झाला की त्या आंघोळ करत, धूतवस्त्र नेसत आणि ओट्याला मला शिवू देत नसत. पारोशी म्हणून मला स्वयंपाकघराच्या बाहेर उभं करत. बी काढताना एखाद्या खजुरातून पांढरी अळी वळवळत निघाली की ती चिमटीत धरून खिडकीबाहेर टाकत आणि हात धुऊन पुढचा घेत. मी ते दारातून बघत असे.

"पंधरा दिऱ्हम डबा. म्हणजे साडेतीनशे रुपये झाले की गं," असं स्वतःशीच मोठ्यांदा म्हणून त्या खूश होत.

गिऱ्हाइकं तर बोटं चाटत होती. नवव्या मजल्यावरची एक बाई, नवरा बँकेत मोठ्या हुद्द्यावर, दर आठवड्याला दोन डबे नेई. "काकू, बाहेरच्या खजुराला ही चवच नाही," असं दारात उभी राहून म्हणे आणि तिथेच एक लाडू तोंडात टाके. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात खोबरं चिकटलेलं असे. मला ते पाहून आत जाऊन तोंड धुवावंसं वाटे. खजूर कुठला हे तिने कधी विचारलं नाही, सासूबाईंनीही आपणहून कधी काढलं नाही.

एका सकाळी त्यांची कंबर धरली म्हणून मी सोबत गेले. खजुरींच्या ओळीपाशी, ठिबकच्या पाइपाजवळ, एक छोटी पाटी होती. सासूबाई म्हणाल्या, ती गवतावर चालू नका अशी आहे. मी वाकून वाचली. वरती अरबी, खाली इंग्रजी. सांडपाणी शुद्ध करून झाडांना दिलेलं आहे, पिऊ नये.

"म्हणजे कसलं पाणी?" त्यांनी विचारलं.

"संडासचं, आई. गटाराचं. साफ करून सोडतात."

मला वाटलं, आता संपलं एकदाचं. मला त्या क्षणी आनंदच झाला होता. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "मग काय झालं? आपल्या परसात अळू कुठे व्हायचं? मोरीच्या तोंडाशी. त्याच्याच वड्या खाऊन तुझा नवरा मोठा झाला."

मी काही बोलणार तेवढ्यात त्या थांबल्या. हातातल्या पिशवीत बघत राहिल्या.

"पण अळू उपवासाला नव्हतं गं चालत," त्या म्हणाल्या, आणि पिशवी झाडाखाली उलटी केली.

तेवढ्यावर थांबतील तर त्या कसल्या. त्याच संध्याकाळी त्या एकेका दारात गेल्या. मी पाया पडायची बाकी राहिले. कुणी काही विचारलेलं नसताना कशाला आपल्या तोंडाने सांगायचं? पण लोकांचा उपवास आपल्यामुळे मोडला, हे त्यांना सहन होत नव्हतं. प्रत्येक दारात त्यांनी सगळं सांगितलं, रस्ता, पाटी, पाणी. सगळ्यांचे पैसे परत केले. आमच्या मुलीने ऐकलं आणि म्हणाली, "आजी, दॅट्स सो ग्रॉस." एरवी मीही हेच म्हटलं असतं. तेव्हा मात्र तिला पाठीत धपाटा घालावासा वाटला.

उपवास मोडल्याचं दुःख एकीलाही झालं नाही. रात्री बिल्डिंगच्या ग्रुपवर नवव्या मजल्यावरच्या बाईने लिहिलं की हायजीनचा प्रश्न आहे, घरगुती खाणं घेताना सर्वांनी काळजी घ्यावी. नाव घेतलं नव्हतं. खाली ओकणाऱ्या पिवळ्या तोंडांची रांग लागली. सकाळी आमच्या दाराबाहेर अर्धा खाल्लेला डबा ठेवलेला होता, त्यात एका लाडवावर दातांच्या खुणा होत्या. अळ्या पाहूनही मला इतकं मळमळलं नव्हतं.

सासूबाईंनी तो डबा उचलला, धुतला, पुसला. मग नवऱ्याला म्हणाल्या, "माझं तिकीट काढ."

"आई, बघू. पगार वाढेल, इन्शाल्ला."

"इन्शाल्लाचा अर्थ मला आता कळतो," त्या म्हणाल्या. "मी काही भर घालू शकत नाही. उगाच बसून खायचं कशाला?"

पुढच्या आठवड्यात त्या गेल्या. विमानतळावर नवरा रडला. त्या रडल्या नाहीत.

गणपतीच्या आधी मला लिफ्टमध्ये नवव्या मजल्यावरची बाई भेटली. काकू दिसत नाहीत, म्हणाली. मोदक सांगायचे होते, म्हणाली. मी म्हटलं, त्या गावी गेल्या, कायमच्या. तिने चाचरत विचारलं, "व्हिसा संपला असेल ना? इथे तेच होतं बघा सगळ्यांचं." हो म्हटलं असतं तर तिला किती बरं वाटलं असतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नाही," मी म्हटलं. "व्हिसाला अजून दोन महिने होते."

माझा मजला आला. ती मान खाली घालून उभी होती, आणि मी उतरले.