शेवटचं घमेलं

मी पंप चालवते. पेट्रोलचा नाही, काँक्रीटचा. ट्रकवर घडी घालून ठेवलेला लांब लोखंडी हात असतो. तो उघडायचा, विजेच्या तारा चुकवत स्लॅबवर न्यायचा आणि टोकाच्या नळीतून काँक्रीट सोडायचं. हे सगळं मी रस्त्याच्या कडेला उभी राहून कमरेच्या रिमोटवरून करते. कंपनीचे प्लांट दोन, एक अकोल्याला आणि एक अमरावतीला. तिथं वाळू, गिट्टी, सिमेंट, पाणी सगळं कॉम्प्युटर मोजून घेतो. मी दोन्हीकडे फिरते. सुरुवातीला लोक स्लॅब सोडून माझ्याकडेच बघायचे. बडनेऱ्यात एका घरमालकानं मलाच विचारलं, "ऑपरेटर कुठी हाये?" मी म्हटलं, "जेवाले गेला. तोवर मी करून देते." स्लॅब टाकून झाला तरी तो बिचारा ऑपरेटरची वाट बघत होता.

आई स्लॅबवर घमेली द्यायची. खाली मिक्सर फिरत असायचा आणि तिथून जिन्यावरून थेट वरपर्यंत बाया उभ्या असायच्या. भरलेलं घमेलं हातोहात वर, रिकामं खाली. याला त्या लाइन म्हणायच्या. आईची जागा जिन्याच्या वळणावर. खालून घ्यायचं, कमरेतून वळायचं आणि डोक्याच्या वर उचलून पुढचीला द्यायचं. सगळ्यात वाईट जागा तीच, आणि आईनं ती कधी सोडली नाही. आता तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रोज सकाळी तिची वेणी मी घालते. म्हणून कुणी माझ्यासमोर जुन्या दिवसांचं, हातानं केलेल्या कामाचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं. त्या माणसाला मी आधी आईची वेणी दाखवीन, मग बोल म्हणेन.

लाइनीची एक रीत होती. स्लॅबचं शेवटचं घमेलं घरवालीच्या, म्हणजे घराच्या मालकिणीच्या, हातानं पडायचं. सगळ्यात वर जी उभी असेल, ती ते घरवालीला द्यायची. घरवाली साडीला डाग पडू नये म्हणून अंग चोरत ते कसंबसं ओतायची, बाया ओरडायच्या, आणि मग सगळ्या लाइनीला जेवण. आईच्या लाइनीत वर उभी असायची ती मावशी. माझी सख्खी मावशी नाही, पण मला मारायचा हक्क असलेली. आई घरी येऊन त्या त्या घरवालीची नक्कल करून दाखवायची आणि शेवटी म्हणायची, "आपल्या घराच्या टायमाले पाहजो, मी कशी टाकतो त." तेव्हा आम्ही अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठी भाड्याच्या खोलीत राहत होतो आणि आपलं घर ही बोलण्याचीच गोष्ट होती.

मग पंप आले. एकदम नाही, आधी मोठ्या इमारतींवर, मग बंगल्यांवर, मग गल्लीतल्या घरांवरसुद्धा. लाइन पांगली. कुणी कापूस वेचायला गेली, कुणी होस्टेलच्या खानावळीत पोळ्या लाटायला. मावशी मंगल कार्यालयात भांडी घासायला लागली. त्याच सुमारास मी रिमोट कमरेला बांधला. मावशी आमच्याशी भांडली नाही. फक्त घरी येणं थांबलं. बाजारात समोर आली तर भाजीत काहीतरी शोधायला लागायची. आई घरी येऊन म्हणायची, "तिले दिसलो नसन मी." आईच्या खांद्याकडे पाहिलं की मला माझ्या मशीनबद्दल काहीच वाईट वाटत नाही. मावशी आठवली की वाटतं.

यंदा एप्रिलमध्ये आमच्या घराचा स्लॅब ठरला. घर माझ्या नावावर, हौस आईची. मी प्लांटवरून पंपाची तारीख घेतली आणि आईला सांगितलं. आई म्हणाली, "लाइन लावू ना आपली."

"या उन्हात?" मी म्हटलं. "अर्धा स्लॅब होईपर्यंत पहिला माल सुकतो. मग पुढचा त्याला धरत नाही, आणि पावसात तिथूनच गळतं. आणि तुझा खांदा? पुन्हा दुसरीचा खांदा घालवायचा का?"

"बरं," आई म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "अन् शेवटचं घमेलं?"

"आई, पंपात घमेलं नसतं."

मी फटकन बोलले. बोलले ते खरंच होतं, तरी आई उठून आत निघून गेली.

स्लॅबच्या दिवशी पहाटे तिनं मेणबत्ती, अगरबत्ती लावून वंदना म्हटली आणि चुलीवर पातेलं चढवलं. वांग्याची भाजी, वरण, भात, शेजारणींच्या मदतीनं पोळ्यांचा ढीग, बुंदी. माझी माणसं आणि मिस्तरी धरून सगळे एका पंगतीत मावले असते.

"किती जणांचं करून राहिली तू?" मी विचारलं.

"स्लॅबचं."

मी चिडले. अन्न वाया जाणार म्हणून काय काय बोलले. ती भात ढवळत राहिली. मग शेजारीण मला बाजूला घेऊन म्हणाली, "लाइनीतल्या साऱ्याइले फोन केले तिनं. साऱ्या पाहू म्हन्ल्या. तुह्या मावशीनं त उचललाच नाई." मग मी रिमोट कमरेला बांधून पंपाकडे गेले.

ऊन तापायच्या आत स्लॅब होत आला. आई फाटकाशी उभी होती. नळी स्वयंपाकघराच्या वरच्या कोपऱ्यावर आली तेव्हा मी बटण सोडलं आणि पंप थांबवला. कोपऱ्यात थोडीशी जागा रिकामी राहिली. मिस्तरी वरून ओरडला, "मॅडम, इथी राह्यलं." मी म्हटलं, "राहू द्या जरा." पुढं काय करायचं ते मलाही माहीत नव्हतं.

त्या आल्या तेव्हा मिस्तरी दोनदा ओरडून झाला होता. पुढं मावशी, मागं बाकीच्या, सगळ्या नाही पण बऱ्याच. समोरच्या लिंबाखाली थांबल्या. फाटकाच्या आत कुणी आली नाही.

आई त्यांच्याकडे गेली. "चला, जेवाले चला."

"स्लॅबले हात नाई लावला," मावशी म्हणाली. "स्लॅबचं जेवन कसं खाचं?"

आई मागच्या दारी गेली आणि तिचं जुनं घमेलं घेऊन आली. घासून ठेवलेलं होतं. "थोडं राह्यलं हाये वर. शेवटचं दे मले."

मावशीनं घमेल्याकडे पाहिलं. "मी वरची हावो. खालून माह्या हातात आलं त मी देईन. लाइन कुठी हाये?"

आईनं घमेलं खाली उतरून आलेल्या मिस्तरीच्या हातात दिलं, पदर कमरेला खोचला आणि जिन्याकडे गेली. जिना वळणापर्यंत पक्का होता, पुढं लाकडी बल्ल्यांची शिडी. ती वळणावर जाऊन उभी राहिली.

"आई, खांदा!" मी ओरडले.

तिनं ऐकलं नाही. लिंबाखालच्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग एक निघाली, तिच्या मागं दुसरी, आणि कुणी न सांगता त्या आपापल्या जागी उभ्या राहिल्या. मधे मधे जागा रिकाम्या होत्या, त्या सरकून भरल्या. मावशी सगळ्यात शेवटी शिडीनं वर गेली आणि कडेला उभी राहिली. खाली बघून म्हणाली, "घरवाली कुठी हाये?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

"आई आहे ना," मी म्हटलं.

आई वळणावरून म्हणाली, "मी लाइनीत हावो. घर तुह्या नावावर हाये. चाल वर."

मी रिमोट सोडला, सहकाऱ्याकडे दिला आणि त्यांच्या बाजूनं अंग चोरत वर गेले. आई इतकी वर्षं ज्या जागेची वाट बघत होती, तिथं फळीवर जाऊन उभी राहिले.

पंपाच्या हौदात माल उरला होता. मिस्तरी घमेलं भरायला लागला तशी मावशी वरून म्हणाली, "वळनावरचीले झेपन इतलंच भर." अर्धंही भरलं नाही त्यानं.

घमेलं निघालं. वळणावर आलं तेव्हा आईनं ते डाव्या हातानं छातीशी धरलं. उजवा हात अर्ध्यावर जाऊन थांबला. खालची बाई एक पायरी चढली आणि तिनं घमेल्याच्या बुडाला हात लावला. आईचं तोंड वेडंवाकडं झालं. मावशी गुडघ्यावर बसली, खाली वाकली आणि तिनं आईच्या हातातून ते उचलून घेतलं.

"नीट धर," मला म्हणाली. "नळी नाई हे."

मी धरलं. आजवर किती ट्रक माल मी या बोटांनी वर पाठवला असेल, पण कधी हातात घेतला नव्हता. अर्ध्याहून कमी घमेलं, तरी माझे खांदे खाली आले. मी ते कोपऱ्यात ओतलं. कुणी ओरडलं नाही. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आई वळणावर उजवा खांदा धरून उभी होती आणि माझ्याकडे बघून हसत होती. मग म्हणाली, "साडी नाई, म्हनून वाचली. नाई त त्या घरवाल्याइसारखंच टाकलं तू."

मावशीनं हात पदराला पुसले. रिकामं घमेलं तिनं आईच्या हातात खाली दिलं.

"आता वाढ वो," ती आईला म्हणाली. "कवाची भूक लागली."