दादाने भरलेला बार

आमच्या क्लबात तिला सगळे ताईच म्हणत. वय पन्नाशीच्या आसपास, धंदा खुर्च्या आणि सोफे मढवायचा. तिच्या गाळ्यात शिरलं की आधी काथ्याचा वास यायचा, मग तोंडात बारीक चुका, म्हणजे खिळे, धरून ती "हं, बसा" म्हणायची. बसायला मात्र एक खुर्ची धड नसायची, सगळ्यांची आतडी बाहेर.

नेमबाजीचं वेड घरातलंच. वडिलांकडे ठासणीची बंदूक होती. नळीच्या तोंडातून मापाने काळी दारू ओतायची, कापडात धरलेली गोळी गजाने तळापर्यंत ठासायची, मागे ठिणगी पाडणारी इवलीशी टोपी बसवायची आणि मग चाप ओढायचा, असलं ते सावकाशीचं काम. वडिलांकडून थोरला भाऊ शिकला आणि भावाच्या मागे मागे ही. हा दादा क्लबातला हिरो. गप्पिष्ट, हसरा, भोवती कायम चार माणसं. बहीण पन्नाशीला आली तरी तिला चिमणेच म्हणायचा.

एका सकाळी दादाने वडिलांची जुनी बंदूक भरली. भरता भरता कुणाला तरी किस्सा सांगत होता. "घे चिमणे, मार," म्हणून त्याने ती तिच्या हातात दिली. तिने चाप ओढला आणि नळी फाटली. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं.

तिला शुद्ध येईपर्यंत दादाने क्लबात सांगूनही टाकलं होतं, "मी एकदा भरून दिली होती. हिने न बघता वरून आणखी एक बार भरला, म्हणून नळी फाटली." कमिटीने ते मानलं आणि हिलाच वर्षभर मैदानावर यायची बंदी केली. हे सगळं तिने गिळलं असतं. पण वडील हॉस्पिटलात उशाशी बसून म्हणाले, "अगं, होते चूक माणसाच्या हातून. कबूल करून टाक."

"बाबा, मी दारूला हातही लावला नव्हता."

"मग दादा काय खोटं बोलतोय?"

तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. दादा भेटायला आला तेव्हाही ती वळली नाही.

पुढचे काही महिने वाईट गेले. खुर्ची मढवताना उजव्या हातात हातोडी आणि डाव्याने कापड ताणून धरायचं, आणि तो डावाच हात अर्धा झालेला. पकडीने कापड ओढायला ती नव्याने शिकली. मी गेले की दातओठ खात म्हणायची, "प्रत्येक चूक ठोकताना मला त्याचं थोबाड दिसतं गं. त्यामुळे हातोडी बरोबर बसते." आणि हसायची. ते हसणं मला आवडत नसे.

बंदी संपत आली तशी ती मला दुकानात घेऊन गेली. शिकार आणि नेमबाजीचं सामान विकणारा दुकानदार भला माणूस. त्याने काउंटरवर मखमल पसरून त्यावर नक्षीदार पितळी दारूपात्र ठेवलं.

"तुमच्या बंधूंनी हेच नेलंय," तो म्हणाला.

"म्हणूनच नको," ताई म्हणाली. "झाकणाच्या छोट्या कुप्या आहेत?"

कुप्या होत्या. एका कुपीत एका बाराची दारू घरूनच मोजून आणायची. ओतली की कुपी रिकामी. भरलं की नाही, हे मग आठवावं लागत नाही, कुपीच सांगते. झाकण मात्र तिने पुन्हा पुन्हा उघडून पाहिलं. फिरकीचं परत केलं आणि अंगठ्याने उडणारं घेतलं.

मग गोळी नळीच्या तोंडात बसवायचा छोटा दट्ट्या. दुकानदाराने नाजूक मुठीचा काढला. तिने तो तळव्यात धरून काउंटरवर दाबला आणि मान हलवली. "मूठ बोटांनी धरायची नाही मला. तळव्याने दाबायचीय. गोल द्या, लाकडी, मोठी." टोप्या एकेक करून पुढे सरकवणारी पितळी पट्टी घेतली, कारण डाव्या हाताची उरलेली बोटंही आखडली होती आणि तेवढीशी टोपी चिमटीत धरली की सटकायची. गोळीखाली घालायचे कापडाचे तयार तुकडे त्याने पुढे केले, तर म्हणाली, "कापड मला विकू नका हो, गादीच्या खोळीचं माझ्याकडे ठाणभर पडलंय."

शेवटी गज. सगळ्यात साधा निवडला आणि घरी येऊन त्यावर दोन खाचा पाडल्या. रिकाम्या नळीत गज कुठवर जातो ती एक, एक बार भरलेला असताना कुठवर जातो ती दुसरी.

"त्या दिवशी गजावर खाच असती तर बोटं वाचली असती," मी म्हटलं.

"त्या दिवशी माझा दादावर विश्वास होता," ती म्हणाली.

सामन्याच्या दिवशी तिचं टेबल नेमकं दादाच्या शेजारी आलं, आणि माझं तिच्या पलीकडे. वडील मागे बाकावर बसले होते. दादाने तिच्या कुप्यांची रांग पाहिली आणि मागच्या लोकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला, "काय चिमणे, औषधाचं दुकान काढलंस? का मीच भरून देऊ?"

लोक हसले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला असणार, पण तिने पुढची कुपी उचलली. कुपी, कापड, दट्ट्या, गज, टोपी. सावकाश, पण न अडखळता चाललं होतं तिचं.

दादाचं नेहमीसारखं. बार उडवायचा, बंदूक भरायची, मग मागे वळून गप्पा. असाच एकदा भरून तो वळला, कुणाला टाळी दिली, परत फिरला आणि पुन्हा दारूचं माप उचललं.

ते ताईने पाहिलं. माझं लक्ष तिच्याकडे होतं, म्हणून मला कळलं की तिने पाहिलं. तिचा हात हवेतच थांबला. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडली नाही. दादाने दारू ओतली. कापड ठेवलं, गोळी बसवली, गज घालून ठासली. ती नुसती बघत होती, डोळ्याची पापणी न लववता. दादाने टोपीच्या डबीकडे हात नेला, आणि तेव्हा ती ओरडली.

"थांबा! त्याची बंदूक दोनदा भरलीय!"

सगळं मैदान थांबलं. दादा लाल झाला. "वेड लागलंय हिला! एकदाच भरलीय मी."

पंच आले. नळीचं तोंड सुरक्षित बाजूला धरून त्यांनी ताईचा गज आत सोडला. दोघांच्या बंदुका एकाच बनावटीच्या. गज मध्येच अडला, दुसरी खाचसुद्धा नळीच्या तोंडाबाहेर बरीच वर राहिली. पंचांनी गजाच्या टोकाला पेच लावून एक गोळी ओढून काढली, दारू झाडली, पुन्हा पेच घातला आणि दुसरी गोळी काढली. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या.

ताई वळली ती दादाकडे नाही, बाकाकडे. "बाबा, तो मागच्या खेपेलाही भरताना असाच बोलत होता."

वडील उठले आणि काठी टेकत मैदानाबाहेर निघून गेले. दादाला पंचांनी सामन्यातून काढलं. ताईने उरलेले बार पूर्ण केले. नंबर मधलाच कुठला तरी आला, तो तिने विचारलासुद्धा नाही.

कमिटीने तिची माफी मागितली. दादाने मात्र माफी न मागताच क्लब सोडला.

पुढे एकदा मी तिच्या गाळ्यात धीर करून विचारलं, "तू लगेच का नाही ओरडलीस?"

"लगेच ओरडले असते तर माप खाली ठेवून हसला असता. नळीत पुरावा जायला हवा होता."

"आणि त्याने पटकन टोपी लावली असती तर?"

तिने काथ्याचा पुंजका खुर्चीत दाबून बसवला. "नाही ना लावली," म्हणाली.

वडील हल्ली रविवारी तिच्याकडे येतात. सुतळीचा गुंता सोडवत बसतात. दादाचा विषय दोघंही काढत नाहीत. जेवायची वेळ झाली की ती त्यांना हाताला धरून उठवते, त्याच अर्ध्या हाताने.